कुठला फोन घेऊ?

नव्याण्णव सालची गोष्ट. पलूसच्या एसटीडी बूथवरून अंजनानं जर्मनीला लेकाला फोन लावला. ती तोंड उघडायच्या आत, बुवांनी पूर्वरंग रंगवावा तसा वीरधवल सुरू झाला, "आई, बरं झालं, आता तूच सांग! दोन मोबाईल निवडलेत. एक दिसायला लय झ्याक हाय. दुसरा उपग्रहावरनं वाट दाखवतोय. कुठला घेऊ?"

महिनाभर तिनं इथूनच विनवलं होतं, "तुझा बा अंथरुणाला खिळलाय रं, एकदा येऊन जा." दर खेपेला लेकाचं एकच पालुपद, सुट्टी न्हाई.

"आई, ऐकतीयास न्हवं?"

"ऐकतीया बाबा. वाट दाखवणाराच घे," अंजना म्हणाली. "वाट बघणारा सकाळीच गेला."