कलमी अक्रोड

वृंदाने झाडावरची सातही हिरवी फळं तोडून पिशवीत कोंबली आणि नळावर घाईघाईने हात धुतले.

चार वर्षांपूर्वी अक्रोडाचं हे रोप तीच लावणार होती. घरमालक देवीदत्तजींनी तिच्या हातून कुदळ काढून घेतली. "बेटी, पहिलं फळ धरतं त्या वर्षी अक्रोड लावणारा जातो. म्हणून आमच्या पहाडात तो म्हातारेच लावतात. फळायला पंधरा वर्षं. तोवर मी कुठला थांबतोय!"

रोप कलमी होतं, चौथ्याच वर्षी फळणारं. त्यांच्या समजुतीला हसून वृंदाने ते सांगितलंच नव्हतं. आताही तिचा विश्वास नव्हता. पण माघापासून म्हाताऱ्याचा खोकला थांबत नव्हता.

संध्याकाळी ती चहा घेऊन गेली. देवीदत्तजींनी कपाऐवजी तिची बोटं पाहिली. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा काळा डाग साबणाने जात नाही, हे पहाडात पोरंसोरंही जाणतात.

"किती तोडलीस?"

"सात."

"आठ होती." खोकल्याची ढास ओसरल्यावर ते म्हणाले, "शेंड्यावरचं तुला दिसलं नसेल. माझ्या खाटेवरून रोज दिसतं."