चाकावरचे पंजे

लेकीनं लालबुंद तापलेलं मातीचं चाक चिमट्यानं भट्टीतून काढलं, भुशाच्या पिंपात ठेवलं आणि झाकण लावलं. धुराचा लोट उठला तशी आई ओरडली, "अगं, काळं पडेल की!"

"पडू दे. तेच हवंय."

हे चाक फिरवायचं नव्हतं, भिंतीवर लावायचं होतं. आईनं जन्मभर माती तुडवली, मडकी थापटली. पण कुंभाराच्या घरात बाईनं चाकाला शिवायचं नाही. म्हणून चाक ओलं असतानाच लेकीनं त्यात आईचे पंजे दाबून घेतले होते.

झाकण उघडलं. पांढऱ्या झिलईवर तड्यांची जाळी पसरली होती आणि मधोमध, झिलई न लावलेले पंजे धुरानं काळेभोर उठले होते.

वडील वाकून बघू लागले. "चाकाला हात कुणी लावला?"

आईनं पदर खोचला. "मी लावला."