अकरा भोकांचे शटर

गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. सगुण यांनी गॅरेजच्या शटरवर खडूने एकेका भोकाभोवती वर्तुळ काढले आणि मोजले. भोके अकरा होती. सर्वांत मोठे रुपयाच्या नाण्याएवढे.

"माझ्या आंबोळीला कधी अशी जाळी पडली नाही," मागून त्यांच्या पत्नी सुमंगला म्हणाल्या. "अठराला माणसं येणार. एक पडदाच लावू या का?"

"पडदा वाऱ्याने उडतो."



तंत्रनिकेतनात तेहतीस वर्षे शिकवून सगुण मुळगावात स्थिरावले होते. शटरशेजारच्या चिऱ्याच्या भिंतीवर त्यांनी गाडी घेतली त्याच दिवशी स्टेन्सिलने तिचा नंबर उमटवला होता, ४८१७, आणि खाली 'समोर वाहन उभे करू नये.' आता त्यातला सात जेमतेम दिसत होता.

अठरा तारखेला, रविवारी चार वाजता, कोरगावचे गोकुळदास आपला मुलगा ओंकार याच्यासह प्रथमच घर पाहायला येणार होते. सेजल आणि ओंकार यांचे ठरल्यासारखे होते. साखरपुड्याची तारीख तेवढी या भेटीत निघायची होती. जानेवारीत म्हापशाला, मध्यस्थांच्या घरी, पहिली भेट झाली तेव्हा गोकुळदासांनी सहज विचारले होते, "कसे आलात?" सगुण म्हणाले होते, "बसने. गाडी आहे घरी, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी चालवत नाही."

"बाबा, शटर बघून कोणी मुलगी पसंत करत नाही," सेजल म्हणाली.

"शटर बघून नापसंत करतात," सगुण म्हणाले आणि टेबलाशी बसले.

गेल्या चतुर्थीनंतर हाती आलेल्या रकमेतून सेजलचे दागिने झाले होते. उरले होते चव्वेचाळीस हजार. नव्या शटरचा अंदाज अडतीस हजारांचा निघाला. त्याखाली त्यांनी एक ओळ आखली आणि लिहिले: अनपेक्षित खर्च, पंधरा टक्के, पाच हजार सातशे. जुन्या बांधकामाला हात लावला की काहीतरी निघतेच, हे त्यांनी प्रत्येक वर्गाला सांगितले होते.

डिचोलीचा रुद्रेश मंगळवारी काम पाहायला आला. तो त्यांचाच विद्यार्थी होता. त्याने डाव्या बाजूच्या चिऱ्यावर हातोडीचे टोक टेकवले, तर चिरा भुसा झाल्यासारखा गळला.

"दोन चिरे बदलावे लागतील, सर. गिलाव्यासकट बत्तीसशे."

"ते धरलेलं आहे."

"मग गाडी दोन दिवस बाहेर काढू या. लाल धूळ बसेल तिच्यावर."

"बॅटरी उतरली आहे."

"ढकलू या की. आम्ही दोघं-तिघं असू."

"गाडीचं तू माझ्यावर सोड," सगुण म्हणाले. "नवं शटर बाहेरच्या अंगाने बसव. जुनं त्याच्या मागे आहे तसं राहू दे."

रुद्रेश हसला. "बाहेरून बसवलं तर वरच्या गुंडाळीला पावसासाठी पत्र्याची पेटी लागेल. चोवीसशे जादा. शिवाय जुन्याचं भंगार हातचं गेलं. सर, हे तुम्ही शिकवलंत त्याच्या अगदी उलट झालं."

"मोजायलाही मीच शिकवलं होतं. मोज."

रुद्रेश मापाची पट्टी घेऊन उकिडवा बसला. पत्र्याची जाडी पाहायला तो सर्वांत मोठ्या भोकापाशी वाकला आणि गरजेपेक्षा थोडा अधिक वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा त्याने हात पँटला पुसले.

"पेटीचे पैसे नकोत, सर. माझ्याकडे पत्रा पडून आहे."

सगुण यांचे कान तापले. त्यांनी मान वर केली नाही.

"चोवीसशे लिही," ते म्हणाले.

गाडीचा विषय रुद्रेशने पुन्हा काढला नाही.

शनिवारी दुपारी काम संपले. करड्या रंगाचे, अखंड, सरळ शटर. सगुण यांनी हिशेब पुरा केला: बत्तीसशे आणि चोवीसशे, एकूण पाच हजार सहाशे. अनपेक्षित खर्चातून शंभर रुपये शिल्लक होते. शटरच्या चॅनलना दिलेला काळा रंग थोडा उरला होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी माळ्यावरून जुने स्टेन्सिल काढले आणि भिंतीवरचा नंबर नव्याने उमटवला. सातसुद्धा आता रस्त्यावरून वाचता येत होता.

"कशाला ते आणखी?" सुमंगला हळूच म्हणाल्या.

"निम्मं काम केलं की लोक निम्म्याकडेच बघतात."

रविवारी चारला पाच मिनिटे कमी असताना एक पांढरी गाडी गल्लीत वळली. रस्ता अरुंद, म्हणून ती मागे घेत घेत थेट नव्या शटरपाशी येऊन थांबली. गोकुळदास उतरले आणि त्यांनी आधी शटरच निरखले.

"झकास काम आहे. गाडी याच्यामागे का? सुखी आहे बिचारी. आमची जुनीच. दिवाळीला पणजीच्या एका दलालाकडून घेतली, कागदपत्रंही त्यानेच केली. पण पहिला मालक फार शिस्तीचा असणार. डिकीत वही सापडली, टायरमधली हवासुद्धा तारखेनिशी लिहिलेली. मी ओंकारला म्हटलं, असा माणूस कधी भेटला तर..."

त्यांचे वाक्य अर्धेच राहिले. ते भिंतीकडे पाहत होते.

सगुण गाडीच्या मागच्या पाटीकडे पाहत होते.

४८१७.