चौथी सही

तपासनिसाने शिक्का शाईत बुडवून उचलला आणि बाईंनी रेकॉर्डच्या कव्हरवर आपला डावा तळहात पसरला.

"हात काढा, मावशी," तो म्हणाला.

खोटी ठरलेली वस्तू पाठीवर 'बनावट' असा शिक्का मारूनच परत द्यायची, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. म्हणजे ती दुसरीकडे खपत नाही. बाईंना काहीच खपवायचं नव्हतं. बँडच्या प्रदर्शनात हे कव्हर लागावं एवढंच मनात होतं, आणि आयोजकांनी आधी त्यावरच्या सह्या तपासून आणा म्हटलं म्हणून त्या इथे आल्या होत्या. बँडमधला ड्रमर त्यांचा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी गेला.

तपासनिसाने लहान मुलाला सांगावं तसं पुन्हा सांगितलं. गायकाची सही खरी, दोन्ही गिटारवाल्यांच्याही खऱ्या. चौथी, ड्रमरची, तेवढी खोटी. त्याने भिंगाखाली दाखवलं. रेघ थरथरत गेलेली, मध्येच पेन थांबलेलं, तिथे शाईचा ठिपका. स्वतःची सही माणूस झोपेतही करतो. ही कुणीतरी समोर नमुना ठेवून काढलेली. मग त्याने कपाटातून जाडजूड वही काढली. तिच्यात ड्रमरच्या चौदा अस्सल सह्या होत्या, प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये. सगळ्या एका झटक्यात केलेल्या, शेवटी दोन तिरप्या रेघा, ड्रमच्या काड्यांसारख्या. सगळा बाजार या वहीवर विश्वास ठेवतो, हे ऐकवायलाही तो विसरला नाही.

बाईंनी चौदाही सह्या सावकाश पाहिल्या. त्यांना हसू आवरेना. डावा हात मात्र कव्हरवरून हलला नव्हता.

"जरा पेन द्या."

त्याच्याच टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी सही केली. काड्यांसकट, आणि कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघत. मग आणखी एक केली. तिसरी घाईत जरा गिचमिड झाली. वहीतली नववीही तशीच होती.

तपासनिसाने भिंग उचललं. एकदा कागद, एकदा वही, पुन्हा कागद. त्याचे कान लाल झाले होते.

मग बाईंनी आवाज न चढवता सांगितलं. भावाचं अक्षरांशी लहानपणापासून वाकडं. कार्यक्रम संपला की लोक कव्हरं घेऊन दाराशी जमायचे आणि हा मागच्या मागे पसार व्हायचा. कव्हरं गोळा करून आत न्यायच्या त्या, त्याच्या नावाच्या सह्या ठोकून परत आणून द्यायच्या त्याच. त्या काड्यासुद्धा त्यांनाच सुचलेल्या. आयुष्यात एवढ्या एका कव्हरवर त्याने स्वतः सही केली, बहिणीसाठी. बहिणीने केलेलीच सही समोर ठेवून, अर्धा तास घाम गाळून. तो ठिपका पडला तिथे थांबून त्याने विचारलं होतं, ताई, आता कुठे वळवू?

"तुमची नजर चांगली आहे," बाई म्हणाल्या. "नमुना ठेवूनच काढलीय ती."

तपासनिसाने शिक्का खाली ठेवला. उठून दार लोटून घेतलं. आवाज खाली आणत म्हणाला, प्रमाणपत्र आत्ताच देतो, चारही सह्या अस्सल म्हणून. फक्त हे आपल्या दोघांतच राहू द्या.

बाईंना संताप आला. इतकी वर्षं त्यांनी तोंड मिटून ठेवलं ते भावासाठी, या माणसाच्या वहीसाठी नव्हे. प्रदर्शनात नाही लागलं तर कव्हर घरच्या भिंतीवर लागेल. त्यांनी ते जपून पिशवीत घातलं. मग शिक्का उचलून तपासनिसाच्या हातात दिला आणि वही पहिल्या पानावर उघडून त्याच्यापुढे सरकवली.

"शिरस्ता म्हणजे शिरस्ता," त्या म्हणाल्या. "इथून सुरुवात करा."