मानेवरची सावली

“फोटो झकास, पण मानेवरची सावली खटकते. चकती फिरव,” फोटोग्राफी शिकवणारे मास्तर म्हणाले होते. कृष्णधवल फोटो त्याच्या बायकोचा होता. डार्करूममध्ये त्याने पुठ्ठ्याची चकती कागदावर धरली, उजेड अडवला, मान उजळली. पुढच्या फोटोंत सावली वाढली, तसा त्याचा हात बसत गेला. मास्तरांनी पाठ थोपटली. ती सावली नव्हे, गाठ होती, हे डॉक्टरांनी सांगितलं. महिन्यात बायको गेली. वर्षभराने त्याने मास्तरांपुढे लेकीचा फोटो ठेवला. “काय रे, विसरलास? पुन्हा मानेवर तोच घोळ!” मास्तरांनी चकती पुढे केली. त्याने घेतली नाही. या वेळी फोटो काढताना उजेडाची खिडकी मानेच्या त्याच बाजूला होती. तिथे सावली पडणं शक्यच नव्हतं. “बाबा, आजही बोलणी खाल्लीत ना?” तो घरी पोचताच लेकीने दारातून चिडवलं. “इकडे ये, बाळा. हनुवटी वर कर.” त्याने मानेवर बोट ठेवलं. सावली बोटाला लागली.