पहिला सत्कार

मिरजगावच्या केबलवर अमृत आणि तुषार दर रविवारी विनोदी कार्यक्रम करायचे, पण त्यांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं. मग एका रविवारी अमृतनं सीना नदीतली वाळू चोरून उपसणाऱ्या भाऊंची हुबेहूब नक्कल केली आणि अख्खं गाव पोट धरून हसलं.

सोमवारी सकाळीच भाऊंची जीप अमृतच्या दारात उभी राहिली. तुषार आधीच आत बसलेला होता.

“चला, भाऊ लई हसले. मळ्यावर तुमचा सत्कार ठेवलाय,” ड्रायव्हर म्हणाला.

आयुष्यातला पहिला सत्कार! हरखलेल्या अमृतनं कॅमेरा गळ्यात अडकवला. ड्रायव्हरनं तो अलगद काढून ओट्यावर ठेवला.

“फोटो नगं.”

जीप चौकातून वळली. तिथल्या प्रत्येक फ्लेक्सवर भाऊ कुणाला तरी शाल घालत होते. फोटो काढल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाच्या गळ्यात साधा हारसुद्धा घातला नव्हता.