चिमणी नावाची मैत्रीण

"जाण्याआधी चिमणीला जरा बोलावता का? एकदा बघायचं होतं तिला," आई म्हणाली.

लेकीचं दप्तर तिच्या मांडीवर होतं. ते न्यायला ती शाळेत आली होती. लेकीला जाऊन महिनाही उलटला नव्हता. स्नायूंचा आजार जन्मापासूनचा. पाय कधीच गेले होते, शेवटी श्वासानेही साथ सोडली.

"चिमणी कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं. मुख्याध्यापिकेला सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणायची.

"तिची मैत्रीण हो. घरी आली की तोंडात तेच नाव. चिमणीने आज खुर्ची ढकलली, चिमणीने माझा डबा संपवला, चिमणी रुसली, मग मीच बोलले. खरं नाव विचारायचं राहूनच गेलं माझं. वर्गातलीच आहे म्हणायची."

"बसा तुम्ही. मी बघते," म्हणत मोठ्या बाई उठल्या.

व्हरांड्यात उपमुख्याध्यापक भेटले. ते उपसर. दोघांचं एरवी घंटेच्या वेळेवरसुद्धा एकमत व्हायचं नाही. पण या मुलीसाठी दोघांनी मिळून कंबर कसली होती. 'अशा मुलीला इथे कशाला?' म्हणणाऱ्या पालकांची तोंडं बंद केली होती. वर्ग तळमजल्यावर आणला, दार रुंद केलं, फाटकापासून वर्गापर्यंत रॅम्प बांधून घेतला. दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक तो बघायला यायचे, आणि उपसर नवं घर दाखवावं तसे त्यांना सगळं फिरून दाखवायचे.

मोठ्या बाईंनी त्यांना आईचं म्हणणं सांगितलं आणि दोघं वर्गात गेले.

"तुमच्यात चिमणी कोण?" उपसरांनी विचारलं.

"मी कावळा, सर," मागून कुणीतरी म्हणालं आणि लगेच जीभ चावली. हसलं कुणीच नाही.

"बरं, मधल्या सुट्टीत तिच्याजवळ कोण बसायचं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, मधल्या सुट्टीत आम्ही मैदानावर असतो. तिकडे पायऱ्या आहेत ना."

"मग ती?"

"खिडकीपाशी असायची. आम्हाला वाटलं, तिला तिथेच आवडतं."

"खुर्ची कोण ढकलायचं?"

"शाळेतल्या मावशी."

डब्याचं विचारायचं धाडस मोठ्या बाईंना झालं नाही.

बाहेर आल्यावर उपसर भिंतीला टेकून उभे राहिले. रॅम्प वर्गापर्यंत येऊन थांबला होता. इतक्या लोकांना तो दाखवला, पण तो कुठे थांबतो हे त्यांना आत्ता दिसलं.

"त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला सांगू या," ते हळूच म्हणाले. "गुणी पोर आहे. घटकाभर चिमणी होईल. त्या माउलीला तेवढाच आधार."

"आईशी खोटं बोलायचं, सर? तेही पोरीच्या तोंडून?"

"मग खरं सांगून काय टाकणार आहोत आपण तिच्या पदरात?"

मोठ्या बाई वर्गाच्या दारापाशी गेल्या. मुलीला बोलावलं गेलं.

"मी काय बोलू, सर?" तिने विचारलं.

"काही नको. त्या विचारतील, तू फक्त हो म्हण."

तिघं ऑफिसात शिरले तशी आई उठून उभी राहिली. मुलीकडे बघतच राहिली. मग पुढे झाली आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तूच का गं चिमणी?"

मुलीने उपसरांकडे पाहिलं. डोळे भरून आले. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"नाही," उपसर म्हणाले. "ही चिमणी नाही. हिला मीच पढवून आणलं. चिमणी कुणीच नाही, ताई. तुमची लेक मधल्या सुट्टीत एकटी बसायची. रोज. आणि आम्हाला ते दिसलं नाही."

मोठ्या बाईंनी मुलीला जवळ ओढलं, तिचे डोळे पुसले आणि तिला वर्गात पाठवलं. मग त्या वळल्या. "सरांना एकट्याला बोल लावू नका. हे माझंही आहे. तिला शाळेत घेतलं आणि वाटलं, झालं आपलं काम. पुढे पोरांमध्ये तिला जागा करून द्यायची राहिलीच. माफी कुठल्या तोंडाने मागू?"

आई खाली बसली. दप्तराच्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिली. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालू होते.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात तिनेच सांगितलं. म्हणाली, आई, चिमणी खोटी आहे गं. तू रोज विचारायचीस, आज कोण खेळलं तुझ्याशी. मग तुला काय सांगणार?"

उपसरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मग तुम्ही आज… तिला बघायचंय म्हणालात ते?"

आईने दप्तर खांद्याला लावलं. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"धाकटीलाही तेच दुखणं आहे," ती म्हणाली. "तिला तुमच्या हाती सोपवावं की नाही, एवढंच बघायला आले होते. उद्या घेऊन येते तिला."